चादर वजा

चादर हातात आली आणि हात एकदम वर उडाला. भरलेली कळशी समजून रिकामी उचलली की उडतो तसा. डायलिसिसच्या टेक्निशियन अंबादासनं ती काउंटरवरून माझ्याकडं सरकवली होती आणि तो नेहमीसारखा खाली मान घालून रजिस्टरात तारीख टाकत होता. "मॅडम, ही शमशादखालांची. काल इथंच राहिली. त्यांची सबिहा येईल खाली, तिला देता का तेवढी? खालांना काल संध्याकाळी इथनंच वर आयसीयूत नेलं की. डायलिसिस संपलं, उठून बसल्या आणि दमच लागला, म्हणं. दुपारपाळीचा शिवानंद सांगत होता." एवढं सगळं तो एका श्वासात बोलला आणि मी मात्र चादरीकडंच बघत राहिले. चादर शमशादआपाचीच होती. मरून रंगाची, काठाला मोर, एका मोराच्या मानेवर चहाचा डाग. तिची घडीसुद्धा मला पाठ होती. पण चादरीला एक वजन असतं. सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या हाताला ते न सांगता कळतं, लग्नात आहेर म्हणून तीच, पाहुण्याला तीच, मेलेल्या माणसावर तीच. ही हातात असून नसल्यासारखी. मी पहिली घडी उलगडली, दुसरी उलगडली आणि तिसरी नव्हतीच. चादर अर्धी होती. मधोमध कापलेली, आणि कापलेल्या कडेला अशी बारीक, सरळ दुमड घातलेली, की घडी केल्यावर कुणाच्या बापाला कळू नये. ती शिलाई मी कुठंही ओळखली असती. आपानं सारा जन्म शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवण्यात घालवला होता. "वजन करा मॅडम," अंबादास म्हणाला, "सात वाजले."

मी माझी चादर अंगाभोवती लपेटून काट्यावर उभी राहिले. "एकावन्न आठशे," तो मोठ्यानं म्हणाला आणि पुढं नेहमीचं जोडलं, "चादर वजा, पन्नास साडेपाचशे." चार वर्षं झाली, सोमवार, बुधवार, शुक्रवार हे दोन शब्द मी ऐकतेय. चादर वजा. डायलिसिसच्या खोलीत एसी असतो, आणि आपलं रक्त नळीतून बाहेर फिरून परत येतं ते गार होऊन येतं. बाहेर एप्रिलचं त्रेचाळीस ऊन असलं तरी आत आमचे दात वाजतात. म्हणून जो तो घरून चादर आणतो आणि पांघरूनच काट्यावर चढतो. आजारी माणसाला उघडं करून कशाला उभं करायचं, या दयेपोटी कधीतरी कुणीतरी ठरवून टाकलं, की चादरीचं सव्वा किलो धरायचं आणि वजा करायचं. उरेल ते माणसाचं वजन. त्यातून ड्राय वेट वजा, म्हणजे अंगात फालतू पाणी नसतानाचं आपलं खरं वजन, माझं अठ्ठेचाळीस. उरेल ते पाणी. आमच्या किडन्यांनी कधीच राजीनामा दिलाय, त्यामुळं प्यालेला घोट न् घोट अंगातच साठतो, आणि तेवढं पाणी मशीन चार तासांत काढून टाकतं. दोन वजाबाक्या. चौथीतल्या पोराला येतील अशा. मी आठवी ते दहावीला गणित शिकवते, आणि या दोन वजाबाक्यांतल्या पहिलीत एक फट आहे हे मला पहिल्याच वर्षी दिसलं होतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

अंबादासनं डाव्या हातात दोन सुया घातल्या, पट्ट्या लावल्या आणि मशीन सुरू केलं. मशीनचं तोंड माझ्या डोक्यामागं असतं. मला दिसतं ते समोरच्या भिंतीवरचं घड्याळ. सात वाजून दहा मिनिटं. आता अकरापर्यंत डावा हात हलवायचा नाही. हात हलवायचा नाही म्हटलं की पाय ऐकत नाहीत. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं, उठावं, चालावं, पळावं असं होतं, आणि मी टाच गादीवर घासत राहते. आज तर सुई गेल्या क्षणापासून सुरू झालं. उजव्या हाताखाली आपाची अर्धी चादर. डोक्यात आकडेच आकडे. ही असेल चारशे ग्रॅम. रजिस्टरात वजा झाले सव्वा किलो. म्हणजे प्रत्येक वेळी साडेआठशे ग्रॅम पाणी काट्याला चुकवून अंगात राहिलं. एकदा नाही, दर पाळीला. आणि वर आपा गेले दोन महिने वाळत चालली होती. माणसाचं मांस उतरतं, त्या जागी पाणी चढतं, काटा मात्र तोच आकडा दाखवतो आणि सगळे म्हणतात वजन छान टिकलंय. दीड लिटर तरी असेल. दीड लिटर पाणी छातीत घेऊन ती वर पडली आहे आणि हे पृथ्वीच्या पाठीवर फक्त दोघींना माहीत आहे. एकीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असेल. दुसरी मी.

शेजारचा चार नंबरचा बेड जानेवारीपर्यंत आपाचा होता. सबिहाला गणवेशाच्या कारखान्यात सकाळची नोकरी लागली, आईला सोडायला-न्यायला तिला सकाळी जमेना, म्हणून आपा मंगळ-गुरु-शनिवारच्या दुपारपाळीत गेली. आता तिथं वैरागचे एक काका असतात, ते घरच्या लग्नासाठी आजचं उद्यावर ढकलून गेलेत, त्यामुळं बेड रिकामा. रिकाम्या बेडकडं बघवत नाही. या खोलीत कुणी गेलं की आम्ही गेलं म्हणत नाही, "त्यांची सुट्टी झाली" म्हणतो. हा शब्द कुणी काढला माहीत नाही, पण तेव्हापासून शाळेत शिपायानं सुट्टीची नोटीस वर्गात आणली आणि पोरं ओरडली की माझ्या अंगावर काटा येतो. मघाशी अंबादासनं चादर दिली तेव्हा पहिल्यांदा हाच शब्द मनात आला. मग तो म्हणाला वर नेलं, आणि मला बरं वाटलं. कुणी आयसीयूत आहे हे ऐकून मला बरं वाटलं! माणसाचं काय होऊन बसतं.

पहिल्या दिवशी मी या पाच नंबरवर रडत होते. सुया जाड असतात, आणि त्याहून जाड असतं ते पुढचं सगळं आयुष्य, एकदम अंगावर येतं. शेजारून आवाज आला, "काय गं, रडूलालीस व्हय? रड की. तेवढंच पाणी कमी होईल." मी रागानं मान वळवली. किडकिडीत बाई, पान खाऊन लाल झालेले दात, नाकात चमकी, पांघरलेल्या मरून चादरीतून फक्त तोंड बाहेर. मला इतकं हसू आलं, की मशीननं आवाज केला आणि अंबादास धावत आला. तेव्हापासून ती माझी आपा, मी तिची टीचर. कुठली शाळा विचारलं, सांगितली, तर म्हणाली, "तुमच्या पोरांच्या शर्टांची कॉलर माझी. एकदा बघ, उलटी करून." दुसऱ्या दिवशी मी खरंच आठवी 'ब'च्या एका पोराची कॉलर उलटी करून बघितली. तो बिचारा मान खाली घालून शिक्षेची वाट बघत उभा. आतली शिलाई सुताएवढीही हललेली नव्हती. ती न शिकलेली, मी एम.एस्सी. बी.एड. ती शास्त्रीनगरची, मी बाळीवेशीतली, घरात लिंग पूजणारी, कांदासुद्धा सोमवारी न खाणारी. पण घरच्यांना जे सांगता येत नाही ते आम्ही एकमेकींना सांगत होतो. तहान कशी असते ते. सोलापुरात पाणी पाचव्या दिवशी येतं. पाण्याच्या दिवशी गल्लीभर एकच गलका, मोटरी, पिंपं, घागरी, बायका धावतायत, आणि आम्ही दिवसाला पाऊण लिटरवाल्या बायका ते वाहतं पाणी बघत उभ्या. आपा म्हणायची, "अख्ख्या गावाला पाचव्या दिवशी, आपल्याला कधीच नको. अल्लानं काय हिशेब केलाय गं!" त्या दिवशी तिच्यानं राहवायचं नाही. नळाखाली तोंड धरायची. दुसऱ्या दिवशी काट्यावर साडेतीन-चार किलो चढलेले, अंबादास रागवायचा, आणि मग एवढं पाणी चार तासांत ओढलं की पायांत गोळे. पाय वाकडे व्हायचे तिचे. "या अल्ला" म्हणत ती गादीची कड दातात धरायची आणि मी माझा मोकळा हात लांब करायचे, पण दोन बेडमधलं अंतर हातभर जास्त होतं. कधी पोचला नाही.

म्हणून सांगितलं. वाईट हेतूनं नाही सांगितलं, देवाशपथ. दोन वर्षांपूर्वी असाच एप्रिल होता, गणवेशांचा हंगाम, तिच्याकडं कॉलरींचे गठ्ठे आलेले, आणि गोळे येऊन गेल्यावर दोन-दोन दिवस तिचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर टिकत नव्हता. ती रडकुंडीला आलेली. मी हळूच म्हटलं, "आपा, एक गंमत सांगू? कुणाला सांगायची नाही." माझी चादर आईच्या वेळची. वीस वर्षं धुऊन विरलेली. ती मी एकदा पिशवीत घालून गुरुबसप्पाच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवली होती. "रद्दी हाय का बाई?" त्यानं विचारलं होतं. साडेआठशे ग्रॅम. वजा होतात सव्वा किलो. चारशे ग्रॅम आपले. चारशे ग्रॅम पाणी कमी निघतं, दुसऱ्या दिवशी अंगात धुगधुगी राहते, सलग चार तास फळ्यासमोर उभं राहता येतं. तिची मरून चादरही धुऊन धुऊन तेवढीच हलकी झालेली, फक्त नवी आणायची नाही. मी हे तिला एखादं प्रमेय सांगावं तसं सांगितलं. हो, तसंच सांगितलं, खोटं कशाला बोलू? मला अभिमान होता त्याचा. शरीरानं, डॉक्टरांनी, मशीननं सगळ्या बाजूंनी कोंडलं असताना मी एक चारशे ग्रॅमची पळवाट शोधली होती. आपा घाबरली. "नको गं बाई, काय झालं बिलं तर?" तेव्हा मी ते वाक्य बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, "दोन वर्षं करतेय मी. बघ, मला काही झालंय का?"

मी सूत्र दिलं आणि तिनं उदाहरण सोडवलं, माझ्या दोन पावलं पुढं जाऊन. तिच्याकडं कात्री होती. अर्धी चादर! हसू येतंय आणि रडूही. कधी कापली असेल? दुपारपाळीत गेल्यावर, म्हणजे मी शेजारी नसताना. मी असते तर ओरडले असते, एवढं मात्र खरं. की नसते? गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. "टीचर, आडवं झालं की दम लागूलालाय गं. बसूनच झोपते." मी नववीचे पेपर तपासत होते. म्हटलं, "उशी जास्त घे आपा, आणि डॉक्टरांना सांग." सांग म्हटलं आणि पुढचा पेपर ओढला. आडवं झाल्यावर दम लागणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं? मला? नवीन पेशंट आला, रडला, भांडला, की मोठे डॉक्टर त्याला माझ्याकडं पाठवतात. "शिवलीलामॅडमना भेटा, चार वर्षांत एकदा वजन चुकलं नाही त्यांचं." आणि मी त्याला समजावते. पायावर बोट दाबून बघा. आडवं होऊन दम लागला तर त्याच क्षणी या. आणि सगळ्यात शेवटी, चष्मा काढून, "पाण्याशी प्रामाणिक राहा." लोका सांगे ब्रह्मज्ञान. आठ वाजले. टाच घासून घासून तिथली चादर गोळा झाली होती. पायातली वळवळ मांडीपर्यंत आली.

साडेआठला सबिहा आली. रात्रभर जागलेली, ओढणी तशीच खांद्यावर, हातात मोबाईल घट्ट धरलेला. मी आपाची चादर पटकन घडी केली, अर्धी असल्याचं दिसणार नाही अशी. हातानं आपोआप केलं ते. चोराच्या मनात चांदणं. "टीचरमावशी," ती माझ्या पायाशी टेकली, "अम्मीला पुण्याला न्यायचं ठरलंय. दहाला ॲम्ब्युलन्स येऊलालीय. डॉक्टर म्हणले, कालच डायलिसिस झालंय, वजन पण बरोबर सेहेचाळीस आलंय, म्हणजे पाणी नाही, हार्टच थकलंय. तिकडं मोठ्या हार्टवाल्याला दाखवा म्हणले." मी विचारलं, बोलते का ती? "मास्क काढून दोन शब्द बोलते, परत लावते. तुमचंच नाव काढूलालीय. टीचरला सांगू नको, टीचरला सांगू नको म्हणते. काय सांगू नको ते कळंना. तुम्हाला टेन्शन नको म्हणून असेल." तिनं माझ्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "तुमच्यामुळं टिकली मावशी ती. अब्बा गेल्यावर ती हे सगळं बंदच करणार होती. टीचर येती म्हणून मी जाती, म्हणायची." पुण्याची वाट पाच तासांची. दीड लिटर पाणी छातीत, आडवं निजवून, खड्ड्यांतून. मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "डबा खाल्लास का काही?" सबिहा मान हलवून गेली. चादर न घेताच गेली, किंवा मीच दिली नाही.

आठ चाळीस. म्हटलं, अकराला सुटले की वर जाईन, डॉक्टरांना एकटं गाठून सांगेन. पण ॲम्ब्युलन्स दहाला. दहा आणि अकरा, यातलं कुठलं आधी येतं हे मला कळत होतं, तरी मन परत परत तेच म्हणत होतं, अकराला सांगू. आत दुसरी एक बाई बसलेली असते ना, वकिलासारखी. ती म्हणाली, कशावरून पाणीच आहे? तू काय डॉक्टर आहेस? हार्टसुद्धा असेल. ती म्हणाली, पुण्यात लगेच कळेल त्यांना, मोठे लोक आहेत. ती म्हणाली, आणि तू सांगितलंस तर? अंबादास काय म्हणेल? उद्यापासून नवीन पेशंट कुणाकडं पाठवतील? शाळेत कळलं तर? सबिहाला कळलं तर? टीचर येती म्हणून मी जाती. मला त्या आतल्या बाईचं तोंड फोडावंसं वाटलं, पण मी तिचं ऐकत होते, अगदी मन लावून ऐकत होते. पाय आता माझे राहिले नव्हते. उजवा पाय गादीवरून खाली गेला, परत घेतला, परत गेला. तोंड कोरडं पडलं. या सगळ्यात मला तहान लागली होती, लाज वाटते सांगायला, आपाचा विचार करता करता मी स्टीलच्या गार पेल्याचा विचार करत होते. घामेजलेला पेला, वरून पाण्याची एक धार. नऊ वाजले. नऊ दहा. आपा वर म्हणत होती, टीचरला सांगू नको. ती माझ्यापासून अर्धी चादर लपवत नव्हती. ती मला वाचवत होती. सबिहाला नीट ऐकू आलं नसेल. टीचरचं सांगू नको, असं म्हणत असेल ती. एका अक्षराचा फरक. तो डोक्यात आला आणि मी ताडकन उठून बसले. सुई ओढली गेली, मशीन किंचाळलं.

"काय ओ मॅडम, हात!" अंबादास धावत आला. त्यानं मनगट धरलं, पट्टी बघितली, बटण दाबून आवाज बंद केला. "गोळा आला का?" मी त्याच्या हातात आपाची चादर दिली. म्हटलं, "ही धर." त्यानं धरली. त्याचाही हात वर उडाला, मी बघितलं. मग त्यानं ती उलगडली नाही, नुसती तळहातावर ठेवून जराशी झेलली. त्याच्या घरात तीन माग होते, वडील चादरी विणायचे, हे मला माहीत होतं. "चारशे," तो म्हणाला. "फार तर सव्वाचारशे. अय्यो देवा." मी सगळं सांगितलं. गुरुबसप्पाचा काटा, माझे चारशे ग्रॅम, आपाला दिलेली शिकवणी, गेल्या महिन्याचा फोन. भराभरा सांगितलं, पोरं पाठ केलेलं म्हणतात तसं, मध्ये थांबलं तर विसरेल या भीतीनं. "तिच्या अंगात पाणी आहे अंबादास. दीड लिटर असेल. हार्ट नाही, पाणी आहे. वर जाऊन सांग, माझं नाव घेऊन सांग. दहाच्या आत." तो हलला नाही. तो चादरीकडं बघत होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमचं मला माहीत होतं मॅडम."

"काय माहीत होतं?"

"तुमची चादर साडेआठशेची हाय ते. पहिल्याच महिन्यात अंगावर घातली ना मी तुमच्या, तेव्हाच हाताला कळलं. तोंडावर कसं म्हणायचं? तुम्ही टीचर. म्हटलं, असेल काहीतरी अडचण. मी मोठ्यानं सव्वा वजा म्हणायचो आणि मशीनला चारशे वाढवून लावायचो. उतरताना काट्यावर तुमचं कमीच यायचं, मी अठ्ठेचाळीस म्हणायचो. तुम्हाला चक्कर असायची, तुम्ही कुठं बघताय." त्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला, एसीत. "खालांचंही तसंच केलं, सकाळी होत्या तोवर. दुपारपाळीत गेल्या तेव्हा शिवानंदला सांगायचं राहिलं. आणि ही अशी अर्धी... ही मी कधी हातात घेतलीच नव्हती." आणि तो चादर तशीच हातात घेऊन पळाला. जिन्यावर त्याच्या चपलांचे आवाज ऐकू आले, दोन-दोन पायऱ्या एकदम.

मी पडून राहिले. पाय थांबले होते. चार वर्षं. फळ्यासमोर उभी राहून मी मनात म्हणत होते, हे चारशे ग्रॅम बोलतायत, हे माझे चोरलेले चारशे ग्रॅम उभे आहेत. ते नव्हतेच. एक थेंबसुद्धा मी कधी राखला नव्हता. मी फसवत होते आणि तो मुलगा न बोलता माझी चूक सुधारत होता, जशी मी कच्च्या पोरांच्या वहीत पेन्सिलीनं सुधारते, वर्गासमोर न म्हणता. बघ, मला काही झालंय का? झालं नव्हतं, कारण मी ते केलंच नव्हतं! जे केलंच नाही त्याचा दाखला मी तिला दिला. दोन वर्षं तिलाही काही झालं नाही, तेही त्याच्यामुळंच, आणि तिनं धीर धरून कात्री घेतली. मला रडू आलं. मोठ्यानं आलं. पलीकडच्या बेडवरच्या बाईनं मान वर करून बघितलं आणि परत डोळे मिटले. रड की, तेवढंच पाणी कमी होईल, असं म्हणणारं शेजारी कुणी नव्हतं.

पावणेदहाला जिन्याशेजारची लिफ्ट उघडली. आधी सिलिंडर आला, मग स्ट्रेचर, मग सबिहा, मग मोठे डॉक्टर फोनवर बोलत, "नाही, ॲम्ब्युलन्स थांबवा, आधी पाणी काढून बघतो." अंबादासनं चार नंबरचा बेड उभा केला, पाठ टेकवून बसता येईल असा. दोघा वॉर्डबॉय मामांनी उचलून तिला ठेवलं. आपा इतकीशी झाली होती. पाय मात्र सुजलेले, घोट्यावर पैंजणाची खूण रुतलेली. सबिहानं माझ्याकडं एकदाच बघितलं. तिला सांगितलं गेलं होतं. ती माझ्याकडं पाठ करून आईची ओढणी सारखी करत राहिली. ती पाठ मी बघत राहिले, बघायलाच हवी होती. अंबादासनं सुया घातल्या, मशीन लावलं. लाल नळ्या भरत गेल्या. कुणी चादर वजा म्हटलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आपाचा दम तसाच होता, खांदे वर-खाली होत होते, डॉक्टर तिच्या पायाशी उभे राहून नुसते मशीनकडं बघत होते. मग तिनं डोळे उघडले. मान वळवली. माझी चादर पायाशी पडली होती, ती मी उजव्या हातानं ओढून तिच्याकडं फेकायचा प्रयत्न केला, ती दोन बेडच्या मध्ये पडली. अंबादासनं उचलली, तिच्या अंगावर घातली. आपानं मास्क दोन बोटांनी बाजूला केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मी सोसला असता. वर्गात पहिल्या बाकावरची पोर उदाहरण चुकल्यावर विचारते, तसं तिनं विचारलं.

"टीचर, तुला कसं गं काही झालं नाही?"

अंबादास मान वर न करता नळीची पट्टी चिकटवत होता. चिकटलेली पट्टी परत चिकटवत होता. मी डावा हात तसाच ठेवून, उजवा तिच्याकडं लांब केला. पोचला नाही.

"सांगते आपा," मी म्हटलं. "सगळं सांगते. आधी तुझं पाणी निघू दे."